मीटरचा निळा लाइट बदलायचं काम, नोंदी (भाजीची गाडी, बेळगाव ते म्हापसा)

४ नोव्हेंबर २०२४

गाडी छोटी पिकअप, सेकंड हँड. रात्री दोन-अडीचला भाजी भरायची, पिरनवाडी, किणये, जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट उतरून केरी, साखळी आणि उजाडायच्या आत म्हापसा. कधी मी चालवतो कधी आप्पा, पण गाडीत दोघंही असतोच. आधीचा मालक हौशी माणूस, त्यानं मीटरमधले मूळचे बल्ब काढून निळे एलईडी घातलेत, स्टेरिओला निळी रिंग, चार्जर निळा, रात्री केबिनमध्ये बसलं की ऑर्केस्ट्राच्या स्टेजवर बसल्यासारखं वाटतं.

आप्पा गाडी घेतल्यापासून म्हणतायत की मीटरकडं बघून मान वर केली की रस्ता दिसायला वेळ लागतो. मी म्हणायचो चष्मा बदला. गेल्या आठवड्यात कणकुंबीच्या अलीकडं मी चालवत होतो, स्पीड बघितला आणि वर बघतोय तोवर आप्पा ओरडले, "गवा, गवा!" डाव्या कडेला उभा. गव्याचं अंग काळं, रात्रीत ते दिसतच नाही, हेडलाइटच्या कडेच्या उजेडात पहिल्यांदा दिसतात ते त्याचे गुडघ्याखालचे पांढरे पाय. तेच मला दिसले नाहीत आणि साठीच्या माणसाला डावीकडच्या सीटवरून दिसले, कारण त्यांच्या तोंडासमोर मीटर नव्हता. चष्म्याचा विषय तिथंच संपला.

शिवाय आता उसाचं गाळप सुरू होतंय, माल आणायला संकेश्वर-हुक्केरीकडं रात्रीचं जावं लागतं, आणि उसाचे ट्रॅक्टर कसे असतात सगळ्यांना माहितीय, पुढं डेक, गाणी, पाच रंगाचे लाइट आणि मागच्या दोन ट्रॉल्यांना एक रिफ्लेक्टर नाही.

गाडीचं मॉडेल मुद्दाम लिहीत नाही कारण त्यानं फरक पडत नाही. ज्या जुन्या गाड्यांत मीटरच्या मागं फिरवून बसणारे होल्डर आणि त्यात टी१० वेज बल्ब (नुसते दाबून बसणारे छोटे काचेचे बल्ब) आहेत त्या सगळ्यांना हे काम असंच करता येईल. नव्या गाड्यांत एलईडी बोर्डावरच सोल्डर केलेले असतात, तिथं हे चालणार नाही.

६ नोव्हेंबर

मीटर उघडला. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढली, मग वरचं झाकण, स्क्रू, आणि मागं हात घालून स्पीडोमीटरच्या केबलचा क्लिप दाबून सोडवला. हा क्लिप आंधळेपणानं दाबावा लागतो, अर्धा वेळ तिथंच गेला. मागच्या बाजूला प्लॅस्टिकची लवचिक पट्टी असते, तिच्यावर तांब्याच्या रेषा, तोच सगळा वायरिंग. ती दुमडायची नाही, ओढायची नाही, एक रेष तुटली की नवी पट्टी मिळत नाही, जुनी कुठल्या तरी भंगारच्या गाडीतून शोधायची. उघडायच्या आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कुठला होल्डर कुठं ते नंतर अजिबात आठवत नाही.

आत चार टी१०, हे डायलच्या उजेडाचे. बाकीचे बारीक टी५, ते इंडिकेटर, ऑइल, बॅटरी, हाय बीम असे. टी१० वर मूळच्या गाडीत हिरव्या रबरी टोप्या असतात, आधीच्या मालकानं त्या टाकून दिलेल्या. म्हणजे रंग बल्बचा नव्हताच, टोपीचा होता, डायल आतून पांढराच आहे. हे बरं झालं. काही गाड्यांत डायलच्या मागंच हिरवा छापलेला असतो, तिथं लाल एलईडी घातला तर काहीच दिसत नाही कारण हिरव्यातून लाल बाहेर येत नाही. बल्ब घ्यायच्या आधी हे बघून घ्या.

आणि एक गोष्ट दिवसा कधी लक्षात आली नव्हती. काटा केशरी आहे. निळ्या उजेडात केशरी काटा काळा पडतो. म्हणजे आम्ही इतके महिने काळ्या डायलवर काळा काटा शोधत होतो, म्हणून नजर मीटरवर जास्त वेळ राहायची.

मीटर बाहेर होता तोवर समोरची काच आतून पुसली. ओला कपडा, मग वर्तमानपत्र. कागद तपकिरी झाला. आतल्या बाजूला प्लॅस्टिकचा आणि धुराचा एक थर बसतो आणि मीटरचा उजेड त्याच्यावर पसरतो. हे फुकटचं काम आहे, आधी हे करा मग बाकीचं.

९ नोव्हेंबर

बाजारातून टी१० एलईडी आणले, लाल, हिरवे, अंबर आणि वॉर्म व्हाइट, प्रत्येकी चार. नग ३० ते ५० रुपये. दुकानदार म्हणाला, "काय शोधूलास? निळे घे की, सगळी पोरं तेच नेतात." त्याला म्हटलं निळेच काढायला आलोय.

सोबत टी५ पण घेतले कारण मिस्त्री म्हणाले उघडलाच आहे तर सगळेच एलईडी करून टाकू. केले. एलईडीला उलटं-सुलटं असतं, जो लागत नाही तो काढून फिरवून घालायचा, त्यात बराच वेळ गेला. गाडी चालू केली, बॅटरीचा लाल लाइट लागला नाही, आम्ही खूश. थोड्या वेळानं सहज मल्टीमीटर लावला तर बॅटरीवर १२.२ व्होल्ट. चार्जिंगच नाही. रेस दिली की १४ वर जातं, पुन्हा बंद करून चालू केली की परत १२.२.

कारण असं की या जुन्या अल्टरनेटरला सुरुवातीचा थोडा करंट त्या बॅटरीच्या बल्बातूनच मिळतो. साधा बल्ब तेवढा करंट जाऊ देतो, एलईडी देत नाही, मग अल्टरनेटर जागाच होत नाही. रात्री हेडलाइट लावून घाटात हे कळलं असतं तर काय झालं असतं ते सांगायला नको. बॅटरीचा बल्ब परत साधा घातला. मग म्हटलं बाकीच्या टेलटेलला (म्हणजे इशाऱ्याच्या बारीक लाइटना) तरी कशाला हात लावायचा, सगळे टी५ साधे परत. त्यांचे रंग तर बदलूच नका, लाल म्हणजे थांब, पिवळा म्हणजे लक्ष दे, निळा म्हणजे हाय बीम, ते ठरलेलं असतं आणि गाडी दुसऱ्यानं चालवायला घेतली तरी त्याला कळायला पाहिजे. टी५ चे पैसे गेले.

१५ नोव्हेंबर

लाल घातले. पहिली फेरी एकदम मस्त, रस्ता, झाडं, कुंपण सगळं स्वच्छ. आप्पांना म्हटलं बघा, झालं काम. ते म्हणाले, "लेका, आज पुनव हाय." कार्तिक पौर्णिमा. चांदण्यात निळा लाइट असता तरी दिसलं असतं. ही फेरी हिशोबात धरत नाही.

२० नोव्हेंबर

चांदणं आता पुनवेइतकं नाही, अंधार जरा बरा मिळाला. मला लाल आवडला. मीटर बघून वर बघितलं की रस्ता तसाच दिसतो, मध्ये काळा पडदा नाही. डोळ्यात अंधारात बघणाऱ्या ज्या पेशी असतात त्यांना लांब लहरींच्या लाल रंगाचं जवळजवळ काही कळत नाही, त्यामुळं त्यांची अंधाराची सवय मोडत नाही, असं ते आहे. कडेचं बघायला त्याच पेशी लागतात, आणि गवा कडेलाच असतो.

पण आप्पा चालवायला बसले आणि साखळीपर्यंत कुरकुर. आकडे फुटलेले दिसतात, ४० आहे का ६० कळत नाही, डोकं पुढं घालून बघावं लागतं. आणि डिझेल! काट्याच्या तळाचा लाल पट्टा आणि वरचा पांढरा, लाल उजेडात दोन्ही सारखेच. त्यांना वाटलं अजून बरंच आहे. केरीच्या पंपापर्यंत पोचलो हे नशीब.

सकाळी आल्यावर त्यांना चष्म्याच्या दुकानात नेलं, तसंही न्यायचंच होतं. तिथं तपासताना तो अर्धा लाल अर्धा हिरवा चार्ट दाखवतात ना, कुठली अक्षरं जास्त ठळक, तोच दाखवला. मी त्याला आमचा प्रॉब्लेम सांगितला तर तो हसला, म्हणाला हा चार्ट त्याच्यावरच चालतो, लाल उजेड डोळ्यात पडद्याच्या थोडा मागं जुळतो आणि हिरवा थोडा पुढं. तरुण डोळा लालसाठी जोर लावून जुळवून घेतो, चाळिशी लागलेल्याला जवळचं लाल वाचायला तो जोर उरत नाही. निळा तर अजूनच पुढं जुळतो, म्हणून निळे आकडे लांबून फुगलेले, धुरकट दिसतात. दहा मिनिटांत जे कळलं ते मला आठवडाभर मोबाइलवर सापडलं नव्हतं.

आमच्या गल्लीत मराठा लाइट इन्फंट्रीचे एक रिटायर सुभेदार राहतात, त्यांना संध्याकाळी सांगितलं तर ते म्हणाले आम्ही रात्री नकाशा लाल टॉर्चवर बघायचो, शत्रूला कमी दिसतो आणि आपली नजर टिकते, पण नकाशावरच्या लाल खुणा गायब होतात, तपकिरी रेषा पण फिकट पडतात, ते लक्षात ठेवूनच बघायचं. म्हणजे आमच्या डिझेलच्या पट्ट्याचं दुखणं जुनंच आहे.

लाल काढले. गाडी मी एकटा चालवत असतो तर कदाचित ठेवले असते.

२४ नोव्हेंबर

हिरवे घातले. दोघांनाही आकडे वाचता येतात, आप्पांना तर एकदम स्वच्छ. काटा मळकट तपकिरी दिसतो पण दिसतो. त्रास एवढाच की उजेड फार. जुने बल्ब टोपीतून मिणमिणायचे, हे एलईडी भगभगतात, समोरच्या काचेत स्पीडोमीटरचं अर्धं वर्तुळ उमटतं आणि ते बरोबर रस्त्याच्या डाव्या कडेवर बसतं.

आमच्या गाडीला मीटर मंद करायचं बटण नाही. म्हणून १२ व्होल्टचं पीडब्ल्यूएम डिमर मॉड्यूल (लाइट झरझर चालू-बंद करून उजेड कमी करणारं) आणलं, १३० रुपये, गोल नॉब असलेलं. लावलं आणि सगळा गोंधळ. मीटर मंद होईना, नॉब फिरवला की डिझेलचा काटा हलायला लागला. दुपार त्यात गेली. शेवटी कळलं की ही स्वस्त मॉड्यूलं निगेटिव्ह बाजू तोडतात-जोडतात, आणि मीटरमध्ये सगळ्यांची निगेटिव्ह एकच असते, लाइटची पण आणि गेजची पण. एलईडी स्ट्रिपला वेगळी निगेटिव्ह असते तिथं ते मॉड्यूल चालतं, मीटरला नाही. दुकानदारानं परत घेतलं नाही. पडलंय घरात, कुणाला देवघराच्या माळेला पाहिजे असेल तर घेऊन जा.

२७ नोव्हेंबर

एलएम२५९६ चं स्टेप डाऊन मॉड्यूल आणलं, ९० रुपये. याची निगेटिव्ह आत-बाहेर एकच असते, हे पॉझिटिव्हचे व्होल्ट कमी करतं, आपल्याला तेच हवं. पार्किंग लाइटकडून मीटरच्या चार बल्बांना जी पॉझिटिव्ह वायर येते ती कनेक्टरपाशी कापली, मध्ये एक अँपिअरचा फ्यूज, मग मॉड्यूल, मग मीटर. मॉड्यूलवर बारीक पितळी स्क्रू असतो व्होल्ट कमी-जास्त करायला, तो काढून त्याच्या जागी वायर जोडून १० के चा साधा पॉट (नॉब फिरवून कमी-जास्त होणारा रेझिस्टर) डॅशबोर्डखाली बसवला, हाताला लागेल असा. पॉट लावताना एक पाय सुटला तर आउटपुट पूर्ण १२ वर जाऊ शकतो, म्हणून सोल्डरवर स्लीव्ह घाला, नुसती टेप नको, घाटातल्या हादऱ्यांनी टेप सुटते.

चाललं. हिरवे एलईडी १२ वर भगभग, ९ च्या आसपास वाचण्यापुरते, ८ च्या जवळ विझतात. खाली फार थोडी जागा आहे, नॉब हळू फिरवायचा.

एक नवीन कटकट, एएमवर धारवाड आकाशवाणी लावलं की खरखर. मॉड्यूल रेडिओच्या वायरीपासून लांब, पायाजवळ नेलं, कमी झाली. आप्पा म्हणतात अजून आहे. मला ऐकू येत नाही.

३० नोव्हेंबर, अमावास्या

हे करायचंच होतं. किणयेच्या पुढं पाहुण्यांचं शेत आहे, भोवती दिवा नाही. गाडी बांधावर लावली. पार्किंग लाइट लावले की पुढचे दिवे पण लागतात, म्हणून त्यांचा फ्यूज काढून मीटरला वेगळी वायर बॅटरीवरून दिली. चुलत भावाला दोन रिकामी पोती दिली, तो अंधारात जाऊन डावीकडं किंवा उजवीकडं, कधी जवळ कधी लांब उभी करायचा आणि शीळ घालायचा, मी मीटरवरचा आकडा वाचायचा, मान वर करायची आणि सांगायचं पोतं कुठं. मग आप्पा. मधल्या वेळात बल्ब बदलणं भावाच्या मित्राकडं, आणि मोबाइल सगळ्यांचे बाजूला ठेवलेले. सुरुवातीला अर्धा तास नुसते अंधारात बसलो, डोळ्याला पूर्ण सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात. त्या अर्ध्या तासात डास आणि उसाची बातचीत.

हेडलाइट बंद असताना: निळा पूर्ण उजेडात असेल तर मान वर केल्यावर काहीच नाही, पोतं सोडा, बांधसुद्धा नाही. आप्पांनी तर "बंद कर ते" म्हणून सांगितलं. निळा अगदी मंद केला तर सुधारतो पण मग आकडे वाचता येत नाहीत. लाल मोठा असला तरी मला पोतं दिसायचं, आप्पांना पोतं दिसायचं पण आकडा नाही. हिरवा आणि अंबर मोठे असताना दोन्ही वाईट, निळ्याइतके नाही पण वाईट. आणि तेच दोन्ही खाली आणले, इतके की आकडा जेमतेम लागतोय, तर पोतं दोघांनाही दिसायला लागलं, आणि हिरव्यात-अंबरात मला फरक सांगता येईना.

मग हेडलाइट लावून, लो बीम, पोती उजेडाच्या बाहेर कडेला. इथं लालचा फायदा जवळजवळ गेलाच. विचार केला तर बरोबर आहे, समोर हेडलाइटचा उजेड पडलेला असताना डोळा पूर्ण अंधाराचा नसतोच, तो मधल्या अवस्थेत असतो. पाणबुडीत, विमानात महायुद्धाच्या वेळी लाल दिवे लावायचे ते बाहेर खरोखर काळोख असायचा म्हणून. आमच्यासमोर साठ वॉटचे दोन हॅलोजन आहेत.

मी आठवडे रंगावर घालवले आणि पोती सांगत होती की आधी उजेड कमी कर मग रंगाचं बघ. मंद लाइटला कुठलाही रंग चालतो असं मात्र नाही, निळा नाहीच, आणि चाळिशीच्या पुढच्या डोळ्याला लाल नाही.

हिरवा आणि अंबरमधून अंबर घेतला. कारण एवढंच, केशरी काटा अंबरमध्ये उठून दिसतो आणि डिझेलचा लाल पट्टा पांढऱ्यापेक्षा गडद दिसतो, म्हणजे वेगळा कळतो. हिरवा कुणी ठेवला तर मी वाद घालणार नाही, जुन्या गाड्यांत हिरवा असायचा तो उगाच नव्हता, कमी उजेडात डोळा त्याच्याच आसपासच्या रंगाला सगळ्यात तीक्ष्ण असतो.

१० डिसेंबर

अंबर घातले पण चारातला एक दुकानातून आणल्यापासूनच मंद होता, म्हणून डिझेल-टेंपरेचरच्या बाजूला तात्पुरता वॉर्म व्हाइट लावला. पूर्ण उजेडात छान. नॉब खाली आणला तर डिझेलची बाजू आधी विझली आणि स्पीडोमीटर चालूच. अंबर आणि लाल एलईडीचा एक दाणा दोन व्होल्टच्या आसपास लागतो, पांढरा, निळा, हिरवा तीनच्या आसपास, आणि बल्बात तीन दाणे एकामागं एक असतात. म्हणून पांढरा ९ च्या खाली जातच नाही आणि अंबर ६-७ पर्यंत उतरतो. एका लाइनवर एकाच जातीचे एलईडी घाला. अंबरचं जास्त खाली उतरणं आम्हाला उपयोगीच पडलं, नॉबला जागा मिळाली.

आज गावात कर्नाटक विधिमंडळाच्या अधिवेशनामुळं हलग्याकडचा रस्ता अडवलेला, सुवर्णसौधच्या बाजूला जायचंच नाही, एका अंबर एलईडीसाठी सगळं शहर फिरून आलो.

१६ डिसेंबर

आता एक दुखणं राहिलं, डाग. बल्बचा उजेड चारी बाजूला जातो, एलईडीचा सरळ पुढं. त्यामुळं ४० आणि ८० झगमगतात, मधला ६० काळोखात आणि शेवटचे आकडे दिसतच नाहीत. आप्पा चाळीसच्या वर जात नाहीत म्हणून त्यांना चालेल, पण मला नको.

आधी बटर पेपर लावून बघितला, फरक थोडा. मग एलईडीचं डोकं झिरो नंबरच्या पॉलिश पेपरवर घासलं, वरची चकाकी जाऊन दुधाळ झालं पाहिजे, कोपरे पण घासायचे. एलईडी बोटात धरून गोल फिरवत घासला की पांढरी पावडर पडते, ती फुंकून टाकायची, होल्डरच्या पायात गेली तर लागत नाही. दोन पुढच्या जागी बाजूलाही दाणे असलेले बल्ब घातले, त्यांना इथं कणीस म्हणतात. आता ६० दिसतो, १२० अंधुक आहे पण या गाडीला १२० काय करायचाय.

कुणी सुचवलं होतं आत चांदीचा कागद चिकटव, उजेड पसरेल. नको. मागं उघड्या तांब्याच्या रेषा आहेत, कागद सुटला की शॉर्ट. पांढरा ऑइल पेंट चालेल, पण आमचा आतून पांढराच होता.

हाय बीमचा निळा टेलटेल सगळ्यात जास्त टोचतो, आणि हाय बीम लावतो तेव्हाच तर बाहेर काळोख असतो. रंग बदलायचा नाही म्हटलं होतं, म्हणून फक्त मंद केला. शहापुरातल्या एका लायटिंगवाल्याकडं नाटकाच्या फोकसला लावायच्या जिलेटीनचे तुकडे मिळाले, त्यातला करडा घेऊन दुहेरी करून डायलच्या मागून त्या भोकावर चिकटवला. निळाच दिसतो, पण डोळ्यात घुसत नाही. गिफ्ट पॅकिंगचा रंगीत कागद वापरू नका, उष्णतेनं आकसतो.

२४ डिसेंबर

१९२४ च्या गांधीजी अध्यक्ष असलेल्या काँग्रेस अधिवेशनाची शंभरी म्हणून सगळं बेळगाव रोषणाईनं भरलंय, रात्री दोनला पण रस्त्यावर दिवस. त्यातून भाजी भरून निघालो आणि पिरनवाडी सोडल्यावर बराच वेळ रस्ता नीट दिसेना. मी नॉबकडं संशयानं बघत होतो, मीटरचा काही संबंध नव्हता, डोळे गावातून उजेड घेऊन आले होते. आता किणयेपर्यंत हळूच चालवतो.

त्याच अंधारात आणखी एक लक्षात आलं. मीटर इतका मंद झाल्यावर केबिनमध्ये सगळ्यात मोठा दिवा कुठला, तर यूएसबी चार्जर. त्याची निळी रिंग डावीकडच्या आरशावर पडते. म्हणजे उजवीकडचं सगळं सुधारून डावीकडं तोच निळा. स्टेरिओची रिंग पण. चार्जरला काळी इन्सुलेशन टेप, रिंगला टेप आणि मध्ये सुईनं एक भोक, चालू आहे एवढं कळायला. खर्च शून्य. मोबाइल होल्डरवरचा मॅप रात्री डार्क मोडवर आणि ब्राइटनेस सगळ्यात खाली, नाहीतर मीटरवर केलेलं सगळं वाया, स्क्रीन मीटरपेक्षा मोठी असते.

हे सगळ्यात आधी करायला हवं होतं, मीटर न उघडता. तुम्ही हे काम काढणार असाल तर एक रात्र नुसते टेप घेऊन गाडीत बसा, जे जे चमकतंय ते झाका, आणि मग ठरवा मीटर उघडायचा की नाही.

५ जानेवारी २०२५

कणकुंबीच्या पुढं धुकं लागलं. धुक्यात अंबर पण जास्त वाटतो, कारण समोर पांढरा पडदा आणि त्याच्यावर काचेतली छाया. नॉब अगदी खाली, आकडे जवळजवळ नाहीसे, आणि चालतं, धुक्यात वीस-पंचवीसच्या वर कोण जातंय, स्पीड बघायचाच नसतो. नॉबवर बोटाला कळावं म्हणून दोन ठिकाणी नेलपॉलिशचा ठिपका दिला, एक नेहमीचा, एक धुक्याचा. बायकोची नेलपॉलिश, तिला अजून सांगितलेलं नाही.

आप्पा चालवताना नॉब थोडा वर ठेवतात, मी खाली. वयानं डोळ्याला जास्त उजेड लागतो, त्यामुळं एक सेटिंग दोघांना बसत नाही. सीटसारखं आहे, बसलं की आपापलं करून घ्यायचं.

खर्च: सगळ्या रंगाचे टी१० मिळून साधारण ७०० रुपये, त्यातले शेवटी गाडीत चार. टी५ चे १५० वाया. पीडब्ल्यूएम मॉड्यूल १३० वाया. एलएम२५९६, पॉट, फ्यूज होल्डर, वायर, स्लीव्ह मिळून २२० च्या आसपास. मिस्त्रींचे पहिल्या दिवसाचे ३००. जिलेटीन फुकट, लायटिंगवाल्यानं एक किलो वांगी मागून घेतली. आता माहिती आहे तेवढ्यावर पुन्हा केलं तर ४५०-५०० मध्ये होईल.

राहिलेलं काम: पॉट. हादऱ्यांनी आतला सरकता भाग हलतो आणि कधी कधी मीटर एक क्षण भगभगतो. पॉटच्या मधल्या पायाला आणि कडेच्या पायाला समांतर मोठा रेझिस्टर लावून बघायचाय, किंवा चांगल्या कंपनीचा सीलबंद पॉट. पुढच्या सोमवारी मार्केट बंद असेल तेव्हा. आणि मूळच्या हिरव्या रबरी टोप्या कुठं भंगारात मिळाल्या तर घेऊन ठेवणार आहे, साधा बल्ब आणि टोपी हे जोडीनं परत लावून त्याच शेतात पोती उभी करून बघायचीत.